सिस्टर, ते वाक्य माझं होतं

सिस्टर, गेल्या वर्षी धानाच्या लावणीचा रोवणा लागायच्या तोंडावर एकोडीच्या शकुनला मी सांगितलं होतं की निराधार योजनेचा अर्ज पेंडिंग आहे तोवर शेताकडे जायचं नाही, काम करताना कोणाला दिसायचं नाही. एवढंच सांगितलं असतं तर ती माझी चूक माझ्यापाशीच राहिली असती. पण शकुन ऐकेना. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या द्यायला काय जाते, म्हणाली. तेव्हा मी म्हणालो, "सिस्टरनंच सांगतलं आहे." ती लगेच गप्प झाली. तुमचं नाव घेतल्यावर या भागात कोणी वाद घालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते वापरलं.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुमची नर्सची नोकरी, तुमच्या बदल्या, लशीची पेटी घेऊन तुम्ही पायी तुडवलेली गावं, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मीही बोललो. दोन मिनिटं बोललो आणि त्यात शकुनचं नाव आलं नाही.  म्हणून आता लिहितो आहे.

निवृत्त झाल्यावर तुम्ही आठवड्यातून तीन सकाळी सानगडीच्या माझ्या ऑनलाइन सेतू केंद्रापुढच्या बाकावर येऊन बसायला लागलात, तेव्हा खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. अपंगत्वाचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज, बँकेची आधार जोडणी, ही कामं माझी होती. माणूस आला की मी कागद बघायचो, तुम्ही माणूस बघायचात. मी दहा मिनिटांत फॉर्म भरून मोकळा होत असे. तुम्ही त्याच माणसाला अर्धा तास बाकावर बसवून विचारायच्या, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

एक म्हातारे आले होते, कमरेत वाकलेले. ते म्हणाले, "काय करतो, उठतो."

"कसे उठता ते सांगा."

"भिंतीले हात लावतो. मंग बुढीले आवाज देतो. मंग ते शिव्या देते. मंग उठतो."

तुम्ही कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलंत, पत्नीच्या आधाराने उठतात. आणि विचारलंत, "शिव्या लिहू का?"

"लिहा ना बाई. तेही रोजचंच हाये."

बाकावरची सगळी माणसं हसली. म्हातारेही हसले. मी आत कम्प्युटरपुढे बसून घड्याळ बघत होतो.

तुमची पद्धत ती होती. सकाळपासून झोपेपर्यंतचा दिवस विचारायचा. काय जमतं, काय जमत नाही, काय दुसऱ्याच्या हातानं होतं. जे आहे तेवढंच लिहायचं. तपासणीला भंडाऱ्याला जाणाऱ्या बायांना मी सांगायचो, जुनं पातळ नेसून जा, जास्त बोलू नका, लंगडत चाला. मागून तुमचा आवाज यायचा, "चांगलं लुगडं नेसून जाजो वो. तपासाले चालली, भीक मागाले नाही." आणि माझ्या अर्जांतलं ठरलेलं वाक्य वाचून तुम्ही म्हणायच्या, "मनोहर, तुझ्या कम्प्युटरातले सगळे लोक मेलेले आहेत. फक्त अंगठा लावाले उठून येतात."

ते वाक्य म्हणजे, "अर्जदार कोणतेही काम करू शकत नाही." मी प्रत्येकाच्या अर्जात तेच टाकायचो. एकदा टाइप करून ठेवलेलं होतं, नाव बदललं की झालं.

त्या वाक्याला मी का चिकटून बसलो होतो, त्याचं कारण तुम्हाला माहीत होतं. पूर्वी दिघोरीच्या एका माणसाचा अर्ज मी भरला होता. एक पाय गुडघ्याखाली निकामी. चौकशी चालू असताना तो धानाचं पोतं सरकवताना दिसला, शेजाऱ्यानं तक्रार केली आणि फाईल अडकली. तो माझ्या दुकानात येऊन नुसता बसून राहिला आणि निघून गेला. तेव्हापासून मी घाबरलो. येईल त्याला सांगायला लागलो, निकाल लागेपर्यंत घरात राहा. तुम्ही ही गोष्ट ऐकून म्हणाला होतात, "पोतं नाही अडलं गा. तुझं वाक्य अडलं. तू लिहिलंस काहीच करू शकत नाही. मंग त्यानं बोट हलवलं तरी तो खोटा."

मी म्हणालो होतो, सिस्टर, तुम्हाला ऑफिसचं काय माहीत. हा वाद आपला संपलाच नाही.

शकुन आली ती या वादाच्या मधोमध. चाळिशीची बाई, हिवाळ्यात लकवा झाला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, पण चिखलात उतरण्याइतका नाही. हात अर्धवट. दाखल्याचं काम तुम्ही केलंत, तिच्यासोबत बसनं भंडाऱ्याला गेलात, चाळीस टक्क्यांच्या वर दाखला मिळाला. मग पगाराचा, म्हणजे निराधारच्या अनुदानाचा अर्ज मी भरला आणि साकोलीला तहसीलमध्ये दिला. दाखला मिळाला म्हणून ती खूश होती. पण तिचं खरं लक्ष रोवण्याकडे होतं. एकोडीत रोवण्याचं गाणं ती सांगे आणि बाकीच्या बाया ते मागून झेलत. ती म्हणायची, "चिखलात नाही जात मी. धुऱ्यावर बसतो, पऱ्ह्याच्या पेंढ्या मोकळ्या करून देतो, अन् गाणं म्हणतो. एवढं त होते मले."

तेवढं होत होतं तिला. तेच मी बंद केलं, तुमचं नाव घेऊन.

दिवाळीनंतर एक कागद कमी पडला म्हणून आपण दोघं माझ्या गाडीवर एकोडीला गेलो. तो दिवस मला रोज आठवतो. दार लोटलेलं होतं. शकुन आतल्या खोलीत खाटेवर बसलेली होती. डावी मूठ वळलेली, छातीशी धरलेली. तुम्ही तिची बोटं उघडायला गेलात आणि ती कळवळली.

"काहून वो शकुन, हात असा काहून झाला? उन्हाळ्यात त उघडत होता."

"तुम्हीच त सांगतलं होतं सिस्टर, बसून राह्यले. म्हणून मी दारातही नाही बसत. रोवण्याच्या बाया गाणं म्हणत घरापुढून गेल्या, तरी दार नाही उघडलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. तेवढ्यात तुम्हाला सगळं समजलं. मी हातातला कागद उलटून पाहत होतो, जसं काही त्याच्या मागेही लिहिलेलं आहे.

मग तुम्ही तिच्या शेजारी खाटेवर बसलात आणि म्हणालात, "हो माय. चुकलं माझं. माफ कर मले."

सिस्टर, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. तुम्ही ते म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. शरम नंतर आली. आधी जे वाटलं ते बरंच वाटलं.

परतताना तलावाच्या पाळीवर तुम्ही गाडी थांबवायला सांगितलीत. खाली उतरलात, पदर सारखा केलात. मला वाटलं आता शिव्या देतील. तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "माझं नाव काहून घेतलंस?"

"ती ऐकत नव्हती."

"माझं ऐकते म्हणून?"

"हो."

"ती माझं काहून ऐकते, माहीत आहे का तुले? मी तिले आजवर खोटं नाही सांगतलं. ते तू खर्चून टाकलंस."

मी म्हणालो, मग तुम्ही तिथेच का नाही सांगितलं, की ते तुम्ही म्हटलं नव्हतं.

"मी सांगतलं असतं त ती तुझ्यावर चिडली असती, अर्ज मागं घेतला असता, अन् आणखी वर्षभर हिंडली असती. तिच्या हाताचं मी पाहतो. बाकीचं तुझं आहे. तुझं तू सांग."

मी म्हणालो, सांगतो. मला वाटतं मी म्हणालो, येत्या बाजाराला सांगतो.

त्यानंतर दर बुधवारी तुम्ही बसनं एकोडीला जात राहिलात. परातीत धान ओतून त्यातून एक एक दाणा तिच्याकडून उचलवून घ्यायच्या. पुढे धानाच्या वाळल्या तणसाच्या पेंढ्या बांधायला आणि सोडायला लावलंत. बांध, सोड, पुन्हा बांध. शकुनचा नवरा दुकानात येऊन सांगायचा की सिस्टर गेल्यावर घरभर तणीस होते आणि झाडाले मलेच लावते. त्याच्या तक्रारीवरून मला समजायचं की मूठ उघडत चालली आहे. गुरुवारी तुम्ही बाकावर आलात की मला फक्त एक शब्द विचारायच्या, "सांगतलं?"

आणि मी दर वेळी काहीतरी सांगायचो. तहसीलमधून उत्तर येऊ द्या, मग. तिच्या घरी लग्न आहे, ते होऊ द्या, मग. खोटं कारण दिलं की तुम्ही मान हलवून पुढच्या माणसाला विचारायला लागायच्या, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता.

मी स्वतःला सांगत होतो की सांगितलं तर लोकांचा विश्वास उडेल, बाजारात चार गावांच्या बाया येतात, दुकान बसेल. पण खरं कारण त्याहून लहान होतं. शकुन मला हुशार समजत होती. सगळी फाईल तोंडपाठ असलेला माणूस समजत होती. ते मला सोडवत नव्हतं. एका बाईच्या नजरेत चांगलं राहावं म्हणून मी तुम्हाला वाईट राहू दिलं.

तुमच्यावर मला रागही येतो. हे मेलेल्या माणसाला सांगू नये, पण तुम्ही स्वतःच म्हणायच्या, जे आहे तेवढं लिही. तुम्ही मला एकदा तरी सगळ्यांसमोर झापलं असतं तर मी केव्हाच मोकळा झालो असतो. तुम्ही थांबून राहिलात. आठ महिने थांबलात. माझ्याकडून काही होईल असं तुम्हाला का वाटत होतं, ते विचारायचं राहून गेलं.

शेवटचा चहा आपण बाकावरच घेतला. पाऊस लागून झाला होता, धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "एकोडीले रोवणा लागून राहिला. यंदा शकुन धुऱ्यावर बसते. मी सांगतलं तिले, अर्ज पेंडिंग असला तरी बस. तूही ये."

"पाहू."

"तू पाहू म्हणलं की मले समजते, मनोहर."

हसलात आणि कप खाली ठेवलात. दोन दिवसांनी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं होतं आणि तिथेच पाटावर बसल्या बसल्या तुम्ही गेलात. पाणी तापत होतं, ती म्हणाली.

तेराव्याला तुमच्या मुलीनं मला बाजूला बोलावलं आणि तुमची ती जुनी लशीची पेटी हातात दिली. नोकरी सुटल्यावर तुम्ही तिच्यात लोकांच्या झेरॉक्स ठेवायच्या, पावसात कागद भिजत नाहीत म्हणून. "आई म्हणत होती, हे मनोहरचं आहे," ती म्हणाली. मी ती पेटी दुकानात आणून टेबलाखाली ठेवली. उघडली नाही.

मग दोन दिवसांनी एकोडीच्या तलाठ्यांचा फोन आला. ज्या फोनला मी इतकी वर्षं घाबरत होतो, तोच. ते म्हणाले, "तुमच्या त्या शकुनबाईंच्या घरी गेलो होतो चौकशीला. बाई घरी नाहीत. शेतावर धुऱ्यावर बसून पेंढ्या देत होत्या, गाणं म्हणत होत्या."

 मी म्हणालो, साहेब, त्याचं असं आहे.

"ऐकून घ्या. मी विचारलं त्यांना, तर त्यांनी सगळं सरळ सांगितलं. चिखलात उतरता येत नाही, उभं राहवत नाही, डाव्या हातात जड काही धरवत नाही, बसून एवढंच होतं. डोळ्यांनी दिसतंच आहे की. मी तसा अहवाल लिहिला. पण तुमच्या अर्जात लिहिलंय, कोणतेही काम करू शकत नाही. मग माझा अहवाल आणि तुमचा अर्ज भांडणार नाहीत का? ते वाक्य बदलून, बाईची सही घेऊन आणा. बाकी मला काही अडचण दिसत नाही."

फोन ठेवला आणि मी बाहेर बाकापाशी आलो. पोतं नाही अडलं गा, तुझं वाक्य अडलं. तुम्ही जिंकलात सिस्टर, आणि तुम्हाला सांगायला बाक रिकामा होता.

तेव्हा पेटी उघडली. सगळ्यात वर शकुनचंच पान होतं. कॅलेंडरच्या मागे तुमच्या गोल अक्षरात तिचा पूर्ण दिवस. उठताना भिंत लागते. पाणी भरता येत नाही, नवरा भरतो. भाकर एका हातानं थापते, वेळ लागतो. चिखलात उतरता येत नाही. धुऱ्यावर बसून पेंढ्या सोडून देते. गाणं सांगते. शेवटच्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली होती. मी ते जसंच्या तसं टाइप केलं. पहिल्यांदाच माझ्या कम्प्युटरात जिवंत माणसाचा अर्ज तयार झाला. सही हवी होती म्हणून एकोडीला जावंच लागणार होतं. सही नसती लागली तर मी गेलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

काल सकाळी गेलो. दुरूनच तिचं गाणं ऐकू आलं. आवाज पहिल्यासारखा मोठा नाही, मध्ये दम घेते, पण बाया थांबून तिला वेळ देतात. तुम्हाला माहीत आहे, रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावरून जाणाऱ्याच्या पायाशी बाया पऱ्ह्याची पेंढी टाकून त्याला अडवतात आणि काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मी जवळ गेलो तशी चिखलातून एक म्हातारी ओरडली, "सेतूवाले भाऊ आले वो, अडवा त्याले."

"त्याच्यापाशी काय मिळते? झेरॉक्स देईल," दुसरी म्हणाली.

पेंढी शकुनने टाकली. डाव्या हातानं. फेकता आली नाही, पण सरकवली, आणि ती बरोबर माझ्या चपलांपाशी येऊन थांबली.

"द्या भाऊ, काय देता ते," ती म्हणाली.

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथून परत आला. मी धुऱ्यावर बसलो, ओल्या मातीत, तिच्यासमोर. बाया काम थांबवून पाहू लागल्या. मी बोललो. काय बोललो ते शेवटी लिहितो, कारण त्यानंतर जे झालं ते तुम्हाला आधी समजायला हवं.

 तिनं एक पेंढी सोडली, समोरच्या बाईला दिली. दुसरी सोडली, ती मांडीवरच राहिली. मग म्हणाली, "मंग सिस्टर दर बुधवारी काहून येत होती?"

मी म्हणालो, तुमच्यासाठी.

"मले वाटे, आपल्या चुकीपायी येते. मी मनात म्हणो, चुकली त येऊन राहिली, येऊ दे. एक दिवस चहा नाही दिला मी तिले, रागानं." तिनं पदरानं डोळे पुसले. "चुकी नसून तशीच येत होती का वो ती."

माझ्यावर ती रागावली. रागावली हे बरं झालं. म्हणाली, तुमाले वर्ष लागलं एवढं बोलाले. मी म्हणालो, हो. म्हातारीनं चिखलातूनच विचारलं, आता याचं काय करावं वो शकुन? तेव्हा शकुन म्हणाली, "काय करतं? कागद आणला असन त्यानं. कुठं सही करू, सांगा."

मी पूर्ण कागद आधी वाचून दाखवला. भाकरीपाशी ती म्हणाली, "वेळ लागते लिहिलं ना? जळतेही लिहा," आणि बाया हसल्या. गाणं सांगते, हे आलं तेव्हा तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग उजव्या हातानं सही केली. वाऱ्यानं कागद उडत होता. डाव्या हातानं तिनं तो दाबून धरला, पाचही बोटं पसरून. तुम्ही ते पाहायला हवं होतं, सिस्टर.

आज तो कागद मी साकोलीला देऊन आलो. समितीची बैठक व्हायची आहे, अर्ज अजून पेंडिंगच आहे. पण आता त्या फाईलमधला प्रत्येक कागद एकच गोष्ट सांगतो, आणि ती खरी आहे. मंजूर होईल असं मला वाटतं. नाही झाला तर पुन्हा देऊ, तिला ताठ मानेनं सोबत नेऊन. दिघोरीच्या त्या माणसाकडेही निरोप पाठवला आहे, की ये, तुझा दिवस सांग. तुमची पेटी बाकावर ठेवली आहे. लोक आले की मी बाहेर येऊन बसतो आणि विचारतो. अजून नीट जमत नाही, मध्येच घड्याळाकडे नजर जाते.

आणि धुऱ्यावर बसून मी हे बोललो होतो. तुम्ही आठ महिने जे विचारत होतात, त्याचं हे उत्तर.

"शकुनबाई, गेल्या वर्षी घरी बसून राह्यले सिस्टरनं नव्हतं सांगतलं. ते वाक्य माझं होतं, नाव त्यायचं घेतलं. त्यायनं तुमची माफी मागितली ते माझ्या चुकीची होती, अन् मी बाजूले उभा राहून आयकत होतो. तुमचा रोवणा मी बुडवला. तुमची मूठ माझ्यापायी वळली. सिस्टर खोटं नाही बोलल्या कधी, मी बोललो. चुकलं माझं. मले माफ करा."